खर्ड्याची जुनी हद्द

जामखेडहून खर्ड्याला जाताना दुतर्फा ज्वारी-तुरीची जिरायत रानं लागतात. गावाजवळ निंबाळकरांचा किल्ला उभा आहे. मार्च 1795 मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवले ते इथेच, हे आपण सगळे शाळेत शिकलो. निजामाने तीन कोटी रुपये आणि दौलताबादचा मुलूख कबूल केला. पुण्यात गादीचे भांडण लागले तेव्हा त्यातले बरेचसे सोडवूनही घेतले.

हद्द मात्र राहिली. पुढे खर्डा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि पलीकडचे भूम, पाटोदा निजामाच्या राज्यात.

वाचकहो, दोन्हींकडे तीच जमीन, तोच लहरी पाऊस, तीच मराठी. सोयरिकीही इकडच्या तिकडे. पण हद्द ओलांडली की रुपया बदलायचा. इकडे कलदार, तिकडे हाली. सहा कलदारांना सात हाली. माल नेला की नाक्यावर करोडगिरी भरायची. तिकडे कचेरीचे काम उर्दूत, वरचे शिक्षणही उर्दूत. कुणब्याच्या पोराने शिकावे कसे? इकडे रयतवारी, शेतकऱ्याचा सारा थेट सरकारात. तिकडे कितीतरी गावे जहागिरीत. इकडे सुख होते असे नव्हे हं! 1875 मध्ये नगर-पुण्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते काही हौसेने नव्हे.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. दुसऱ्याच वर्षी जहागिऱ्या गेल्या, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला.

किल्ल्यापाशी शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा बसले होते. ‘‘बाबा, निजामाची हद्द कुठं होती?’’ मी विचारले. त्यांनी पूर्वेकडे काठी दाखवली. मग म्हणाले, ‘‘ती गेली. आता पाटाची हद्द. पाट हाय तिकडं ऊस, न्हाई तिकडं कोयता.’’

खरेच आहे. आपल्याच जिल्ह्यात उत्तरेला भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरे झाले, प्रवरेचे पाणी रानात खेळले आणि 1950 मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. इकडचे जामखेड आणि तिकडचे पाटोदा-भूम मात्र पावसावरच. एके काळी नाक्याने तोडलेल्या या गावांतल्या टोळ्या आज ऊस तोडायला सारख्याच बाहेर पडतात.

बाबांचा मुलगा आणि सून दसऱ्यानंतर निघणार होती. उचल घेऊन झाली होती. नातू तिसरीत आहे. त्याला आजीपाशी ठेवायचे की फडावर न्यायचे, ते अजून घरात ठरायचे होते.