नऊशे पानांचा आडोसा

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड एका बैठकीत संपायचा. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने मराठी वाचकाला सवयच लावली होती, गुन्हेगार सापडल्यावरच जेवायला उठायची. त्यामुळे नऊशेहून अधिक पानांची डिटेक्टिव्ह कादंबरी हातात आली की पहिली शंका खुनाची येत नाही, पानांची येते. एवढं लिहायचंय तरी काय?

रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावाने जे. के. रोलिंग यांनी लिहिलेली ‘ट्रबल्ड ब्लड’ (२०२०) उघडताना मलाही तीच शंका आली. मार्गो बॅम्बरो ही डॉक्टर १९७४ साली लंडनमधल्या क्लार्कनवेलच्या दवाखान्यातून मैत्रिणीला भेटायला निघते आणि नाहीशी होते. चाळीसेक वर्षांनी तिची मुलगी कॉर्मोरन स्ट्राइक आणि रॉबिन एलाकॉट या खासगी गुप्तहेरांना वर्षभराची मुदत देते. हे वर्ष लेखिका आपल्याला जगायला लावते. साक्षीदार म्हातारे झालेले, काही वारलेले, उरलेल्यांचे पत्ते मिळत नाहीत. मधेच कॉर्नवॉलला स्ट्राइकची मामी कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, तिच्याकडे खेपा. आधीचा तपास अधिकारी डोक्यावर परिणाम होऊन कुंडल्यांत शिरला होता. त्याच्या वहीतली राशींची चिन्हं आणि चित्रंसुद्धा छापली आहेत. (रॉबिनच्या घटस्फोटाचं गुऱ्हाळ मात्र निम्मं चाललं असतं.)

हा पसारा हीच लेखिकेची लपवाछपवी आहे. छोट्या रहस्यकथेत आपण प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघतो, कारण वाक्यंच मोजकी असतात. इथे महत्त्वाची गोष्ट कुणीतरी गप्पांच्या ओघात बोलून जातं, आपण ती वाचतो, आणि तिची गरज पडेपर्यंत मधे इतकी माणसं, इतकं आजारपण, इतकी भांडणं होऊन जातात की ती आपल्या डोक्यातून पार गेलेली असते. चाळीस वर्षांपूर्वीचं आठवायला बसलेल्या साक्षीदारांची जी गत, तीच आपली. फरक इतकाच की आपल्याला मागची पानं उलटता येतात. छोट्या पुस्तकात हे साधलंच नसतं.

वाचायला घेणार असाल तर सलग सुट्टी बघून घ्या. आणि पात्रांच्या नावांची यादी करत बसू नका. विसरत विसरतच वाचा.