दोघांतले सोने

जुन्या पराक्रमांच्या गोष्टी सांगाव्यात त्या नातवंडांना. हिशेबी माणसांना सांगू नयेत. नातवंडे विचारतात, "मग पुढे काय झाले?" हिशेबी माणसे विचारतात, "समोर होते किती?"

माझा भाचा बँकेत आहे. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धांत वॉटर पोलोचे सुवर्णपदक भारताने पटकावले, असे मी त्याला अभिमानाने सांगितले, तेव्हा त्याने नेमके तेच विचारले. खरे ते सांगणे भाग होते. संघ दोनच : भारत आणि सिंगापूर. सामना एक, गोल सहा विरुद्ध चार.

"म्हणजे मामा, हरलो असतो तरी रौप्यपदक होतेच!"

हिशेब बिनचूक होता. पण मला काही तो पटेना. विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेला मी माणूस. नुसते तरंगत राहणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. इथे तर तळाला पाय टेकायचा नाही, आणि गोलरक्षकावाचून कोणी चेंडूला दोन्ही हात लावायचे नाहीत! एका बाजूचे सात गडी. आज आठ-आठ मिनिटांचे चार डाव होतात. रवीने ताक घुसळावे तसे पाय सतत फिरवत छाती पाण्याबाहेर काढायची आणि तशातच चेंडू फेकायचा. वर चाललेले सगळ्यांना दिसते. पाण्याखालच्या लाथा ज्याच्या त्याला ठाऊक. अशा खेळात प्रतिस्पर्धी एकच असला, म्हणून पाणी काही उथळ होत नाही.

शिवाय आपला संघ लेचापेचा नव्हता. त्यात सचिन नाग होते. याच स्पर्धांत त्यांनी १०० मीटर मुक्त शैलीची शर्यत जिंकली. आशियाई स्पर्धांतले भारताचे ते पहिले सुवर्ण. जपानचे खेळाडू दिल्लीला आले होते, पण वॉटर पोलोत उतरले नाहीत. न आलेल्यांना आपण हरवले, असे मी म्हणणार नाही. पण न आलेल्यांनी आपल्याला हरवले, असेही कोणी म्हणू नये.

मला टोचते ते निराळेच. त्या दिवशी हरलेले सिंगापूर तेव्हा इंग्रजांची एक वसाहत होते. पुढे त्याच सिंगापूरने आग्नेय आशियाई स्पर्धांत १९६५ पासून २०१७ पर्यंत पुरुषांचे वॉटर पोलोचे सुवर्णपदक एकदाही हातचे जाऊ दिले नाही. ओळीने सत्तावीस पदके! २०१९ मध्ये इंडोनेशियाने ती माळ तोडली, तर २०२३ मध्ये त्यांनी पदक परत मिळवले. आपल्याला मात्र आशियाई स्पर्धांत १९७० साली बँकॉकला रौप्य आणि १९८२ साली दिल्लीला कांस्य लाभले. त्यानंतर २०२३ पर्यंत काहीच नाही.

तेव्हा १९५१ चे ते सोने हिणकस होते, असे मी मुळीच मानत नाही. ते चांगले बावनकशी होते. आपण ते लग्नातल्या दागिन्यासारखे डबीत घालून कपाटात ठेवले, एवढेच. सिंगापूरकरांच्या हाती त्या दिवशी चारच गोल आले होते. त्यांनी ते व्यापारात घातले.