अयादत

पुतण्याला रक्ताचा कर्करोग निघाला. इलाज दोन-अडीच वर्षांचा. भाभी त्याला घेऊन रत्नागिरीहून परळला, टाटा रुग्णालयात आल्या. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. आम्ही मुंबईचे नातेवाईक रविवारी अयादतीला जायचो. फळं द्यायचो, दुआ मागायचो, सल्ले द्यायचो. एकदा भाभी म्हणाल्या, "दुआ कराच, पण दोन तास त्याच्याजवळ बसा. मला झोपायचंय."

आम्ही वरमलो. त्या जेवल्या का, झोपल्या का, हे कुणी विचारलंच नव्हतं. मग पाळ्या लावल्या. कुणी डबा आणायचा, कुणी प्लेटलेट द्यायच्या, कुणी रात्री थांबायचं. गावी धाकटीची शाळा फुफूंनी सांभाळली.

आजाऱ्याला भेटणं सुन्नत, हे आम्हांला पाठ होतं. त्याच्या उशाशी जागणाऱ्या आईचीही अयादत करायची असते, हे भाभींनी शिकवलं.