ग्रँड कॅनॉलवरून व्हेनिस

व्हेनिसचा ग्रँड कॅनॉल उलट्या ‘एस’सारखी वळणे घेत शहराचे दोन भाग करतो. लांबी जेमतेम ३.८ किलोमीटर. रेल्वे स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या की समोर रस्त्याऐवजी तोच लागतो. गोंडोलाचा दर ऐकून अनेकांचे डोळे पांढरे होतात. पण कालवा नीट पाहायचा तर १ क्रमांकाची व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली सिटी बसच, अधिक बरी. कधी या काठाला, कधी त्या काठाला थांबत ती साधारण पाऊण तासात सान मार्कोला पोचवते.

काठावरचे महाल बांधले व्यापारी घराण्यांनी. माल बोटीतून थेट दारात उतरे. तळमजल्यावर वखार, वरच्या मजल्यावर दिवाणखाना. त्यामुळे सगळा थाट पाण्याकडच्या बाजूला. मागच्या गल्लीतून जाणाऱ्याच्या वाट्याला बहुधा विटांची भिंतच येते. का’ वेंद्रामिन कालेर्जी या महालात १८८३ साली संगीतकार वाग्नरचे निधन झाले. आज तिथे जुगारघर चालते. पुढे पंधराव्या शतकातला का’ दोरो लागतो. त्याच्या सज्ज्यांची दगडी जाळी लेससारखी नाजूक आहे. एके काळी तिच्यावर सोन्याचा मुलामाही होता.

नजर वरच खिळते, पण पायथाही पाहावा. दारांच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या झालेल्या असतात. गाळात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर या इमारती उभ्या आहेत. तिथे प्राणवायू फारसा पोचत नाही, म्हणून लाकूड शतकानुशतके टिकते. पाणी वर झिरपू नये म्हणून खुंटांवर इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाचे थर दिले. आता भरतीचे पाणी त्यांच्याही वर चढते आणि खारट ओल विटांत मुरून गिलावा सुटतो. मोटारबोटींच्या लाटा त्यात भर घालतात. पर्यटकांची बोटही त्याला अपवाद नाही.

रिआल्तोचा दगडी पूल १५९१ मध्ये पुरा झाला. १८५४ पर्यंत कालवा पायी ओलांडायला हा एकच पूल होता. त्याच्याखाली बोट शिरली की सावलीचा गारवा क्षणभर अंगावर येतो.

कालव्याच्या मुखाशी सांता मारिया देल्ला सालुते हे चर्च आहे. १६३० च्या प्लेगात शहराने नवस बोलून ते बांधायला घेतले. आजही २१ नोव्हेंबरच्या सणाला कालव्यावर तात्पुरता पूल उभारतात आणि व्हेनिसकर त्यावरून मेणबत्त्या लावायला चर्चमध्ये जातात.