लेकीचे स्पॅनिश गाणे

आमच्या घरात गेली दोन वर्षे स्पॅनिश भाषा नांदते आहे. कारण साधेच, पोटाचे. माझी धाकटी मुलगी परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या एका कंपनीत लागली. तिथे तिला कळले, की इंग्रजी सगळ्यांनाच येते, स्पॅनिश आली तर पगार वाढतो. झाले! तिने अंधेरीला क्लास लावला. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. शनिवार-रविवार हीच धावपळ.

क्लासच्या बाईंनी सांगितले, कान तयार करायचा तर गाणी ऐका. मग सकाळी मी पोळ्या लाटत असताना मागच्या खोलीतून धडधड सुरू झाली. गाणे म्हणावे तर सूर सापडेना, भाषण म्हणावे तर त्याला पक्का ताल. बाई गाते आहे की भांडते आहे तेच कळेना. चार दिवस सोसले. पाचव्या दिवशी मी ओरडले, "अगं, काय ही कटकट! तुला तरी अर्थ कळतो का?"

"कळतो. बस, सांगते," ती म्हणाली.

गाणारी बाई आना तिजू, देश चिली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथे लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले आणि जनरल पिनोशेची हुकूमशाही आली. आनाच्या आईवडिलांना देश सोडावा लागला. ती १९७७ साली फ्रान्समध्ये जन्मली. त्या सालाचेच नाव दिलेल्या गाण्यात तिने आपली हकिगत सांगितली आहे. पुढे २०११ साली महागड्या शिक्षणाविरुद्ध चिलीतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या बाजूने तिने 'शॉक' हे गाणे केले. लेकीच्या फीसाठी काढलेले पतपेढीचे कर्ज मी सहा वर्षे फेडले आहे. ते गाणे मला परके कसे वाटावे?

मग मीच विचारू लागले. हे सुरू कुठून झाले? लेक म्हणाली, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरिबांच्या वस्तीत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी, म्हणजे चिलीतल्या त्या घटनेच्या बरोबर एक महिना आधी, एका मुलीने शाळेचे नवे कपडे घेता यावेत म्हणून आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ होता, डीजे कूल हर्क, जमैकाहून आलेला. गाण्यात नुसता ढोल वाजतो तेवढ्या तुकड्यावर पोरे जास्त नाचतात हे त्याने हेरले होते. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन तबकड्यांवर ठेवून तो तुकडा लांबवत नेई. त्या ठेक्यावर बोलणारे पुढे आले, तो रॅप. ठेका, बोल, ब्रेक डान्स आणि भिंतींवरची चित्रे मिळून हिप-हॉप.

त्या वस्तीत काळ्या लोकांच्या शेजारी प्वेर्तो रिकोहून आलेली कुटुंबे राहत. त्यांची घरची भाषा स्पॅनिश. त्यांची मुले पहिल्यापासून या नाचगाण्यात होती. १९८१ साली 'मीन मशीन' या मंडळींची रेकॉर्ड निघाली. स्पॅनिश रॅप असलेल्या अगदी पहिल्या रेकॉर्डांत तिची गणना होते. बाहेर इंग्रजीचे राज्य असताना या पोरांनी आईची भाषा ठेक्यावर आणली.

लेकीने मला दोन रॅपवाल्यांची झुंजही दाखवली. एकाने बोलायचे, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे, निवाडा समोरच्या गर्दीचा. मला हसू आले. म्हटले, "अगं, हा तर सामना!" माझे वडील घाटकोपरच्या वस्तीत गायन पार्टी चालवत. दिवसा कारखाना, रात्री पेटी, ढोलकी, बुलबुल तरंग आणि कोरसला चार जण. दोन पार्ट्यांचा सामना लागला की पहाटेपर्यंत सवाल-जवाब चाले आणि आम्ही मुले गोणपाटावर बसून ऐकत असू. कवी शेवटच्या ओळीत आपले नाव गुंफी. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन' यायचाच. हे रॅपवालेही आपले नाव आणि आपली गल्ली गाण्यात सांगतात. अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांनी २०१५ साली 'मेरे गली में' केले, तेही असेच. लेकीची मेट्रो जे. बी. नगरवरूनच जाते.

गल्लीला स्पॅनिशमध्ये 'काये' म्हणतात. प्वेर्तो रिकोत 'काये त्रेसे' म्हणजे 'तेरावी गल्ली' या नावाची जोडी होती. दोघे सावत्र भाऊ. एक त्या वसाहतीत राहायचा, दुसरा त्याला भेटायला यायचा. फाटकावर पहारेकरी विचारी, कोण? एक म्हणे 'रेसिदेन्ते', म्हणजे इथला रहिवासी. दुसरा म्हणे 'व्हिसितान्ते', म्हणजे पाहुणा. पुढे तीच त्यांची गाण्यातली नावे झाली. हे ऐकून लेकीने आमच्याकडे नवा खेळ काढला. माझे भाऊ अजून घाटकोपरला त्याच वस्तीत राहतात. ते आले की सोसायटीच्या फाटकावर वहीत नाव लिहावे लागते. लेक दारातूनच ओरडते, "मामा व्हिसितान्ते आले!"

आम्ही हसतो. पण एकदा ती सहज म्हणाली, "आई, आपण तरी रेसिदेन्ते आहोत का गं? माझे गाणे लागते तेव्हा खिडकी उघडी असते. आजोबांची गाणी लावताना तू आधी खिडकी का लावतेस?"

माझ्या हातातले ताट तसेच राहिले. १८ वर्षांपूर्वी आम्ही या इमारतीत आलो. पहिल्याच १४ एप्रिलला मी सकाळी भीमगीते लावली. शेजारून एक बाई आल्या, गोड बोलल्या, "ताई, जरा आवाज कमी करता का? इथे असली गाणी कोणी लावत नाही." भांडण झाले नाही. नंतर कधी कोणी बोललेही नाही, कारण त्यानंतर खिडकी मीच लावत आले. स्पॅनिश गाणे बिनधास्त वाजते, कारण ते काय सांगते हे कोणाला कळत नाही. माझ्या वडिलांचे गाणे कळते, म्हणून मी ते दडवले. बंदी दुसऱ्याने एकदा घातली, पाळली मात्र मी १८ वर्षे.

यंदा १४ एप्रिलला खिडकी उघडी ठेवली. आवाज बेताचाच होता. कोणी आले नाही. आले असते तर काय बोलायचे, ते मनाशी ठरवून ठेवले होते.

वडिलांची गाण्यांची वही ट्रंकेत होती. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, शाई फुटली आहे. मायलेकी मिळून रोज एक पान उतरवून काढतो. लेकीला त्यातले एक गाणे रॅपच्या ठेक्यावर म्हणायचे आहे. चाल मोडेल, याची मला भीती वाटते. ती म्हणते, "चाल तू जप, शब्द मी पोचवते." अजून आमचे एकमत झालेले नाही.

बहिणींनो, तुमच्याही ट्रंकेत अशी एखादी वही असेल. ती बाहेर काढा. आणि पोरांची गाणी 'कटकट' म्हणून बंद करण्याआधी एकदा अर्थ विचारा.