चिंच, राख आणि आत्याबाई

माणसाला कोणत्या गोष्टीचा अभिमान वाटावा याला कांहीं धरबंध नसतो. कोणाला आपल्या गळ्याचा असतो, कोणाला आपल्या हस्ताक्षराचा. मला माझ्या घरगुती युक्त्यांचा होता. हाताला चिकटलेला फणसाचा चीक खोबरेल तेलानें सोडवावा, फरशीवर तेल सांडलें तर त्यावर प्रथम पीठ पसरावें, सुरीवरचा गंज लिंबानें आणि मिठानें काढावा, न्हाणीघरांतील आरसा दाढीच्या साबणाच्या फेंसानें पुसून घ्यावा म्हणजे अंघोळीच्या वाफेनें तो धुरकटत नाहीं, अशा शंभर गोष्टी माझ्या जिभेवर असत. स्वयंपाकघरांतील जिन्नस न्हाणीघरांत आणि न्हाणीघरांतील जिन्नस देवघरांत नेण्याची माझी ही खोड घरांत सर्वांना ठाऊक होती. मोठ्या जाऊबाई तर फोडणीच्या वेळीं लिंबाची फोड सांपडली नाहीं कीं प्रथम न्हाणीघरांतच डोकावून येत!

या विषयांत माझ्याहून थोर अधिकारी व्यक्ति घरांत एकच. ती म्हणजे आमच्या आत्याबाई. माझ्या सासऱ्यांच्या या वडील भगिनी. वय ऐंशीच्या पुढें गेलेलें, दम्याची व्यथा जुनी. पण देवघरांतील उपकरणीं घांसण्याचें काम त्या अजून दुसऱ्या कोणास करूं देत नाहींत. पुण्यांतल्या आमच्या घरीं पाण्याचा बंब जाऊन कितीतरी वर्षें झालीं. म्हणून कोंकणांतून येणाऱ्या आप्तांबरोबर त्या चुलीच्या राखेची पिशवी मागवून घेतात. सकाळीं ताम्हण, पळी, पंचपात्र, समई असा सारा परिवार पुढें मांडून बसल्या म्हणजे त्यांचा क्रम ठरलेला असतो. तेलकट समई आणि निरांजनें यांना आधीं राख. मग तीं स्वच्छ धुवून, पुसून, त्यानंतर चिंच.

मी या घरांत नवी असतांना एकदां त्यांचा वेळ वांचवावा म्हणून राख आणि चिंच एकत्र कालवून दिली होती. आत्याबाईंनीं तो गोळा बोटानें चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, राखेवर चिंच घातलीस कीं दोघीही मरतात. मग घांसायचें कशानें?"

या बोलण्यांत शाळेंत शिकलेला एक अख्खा धडा होता, हें माझ्या ध्यानीं पुष्कळ दिवसांनीं आलें. चिंचेंत टार्टरिक आम्ल असतें. तांब्यापितळेवर हवेनें आणि ओलाव्यानें जो काळपट हिरवट थर चढतो तो या आम्लांत विरघळतो आणि खालचा धातु मोकळा होतो. राखेचें कार्य अगदीं निराळें. लाकडाच्या राखेंत पोटॅश हा क्षार असतो. समईच्या तेलाशीं त्याचा संयोग झाला कीं थोडाबहुत साबणच तेथल्या तेथें तयार होतो आणि चिकटपणा पाण्याबरोबर निघून जातो. आम्ल आणि क्षार एकत्र आले म्हणजे परस्परांची शक्ति हरण करितात. उरतें तें निरुपद्रवी, आणि घांसण्याच्या दृष्टीनें निरुपयोगी, असें एक मीठ. आजकाल भ्रमणध्वनीच्या पडद्यावर व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतून जो फेंस दाखवितात, त्याची कथा हीच. फेंस पाहून डोळे निवतात खरे. पण तो केवळ कार्बन डायऑक्साइड वायु, आणि मोरीच्या तुंबलेल्या नळीला त्यापेक्षां आधणाचें पाणी अधिक कामास येतें. मीही तो फेंस कौतुकानें पाहणाऱ्यांपैकींच एक होतें, हें कबूल करणें प्राप्त आहे.

माझाही एक विजय सांगण्यासारखा आहे. चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी काळ्याठिक्कर पडल्या होत्या. जाऊबाई त्यांना दांत घांसण्याची पेस्ट लावून चोळीत होत्या. त्या पेस्टमध्यें बारीक खडूसारखी पूड असते. तिनें काळेपणा जातो, पण त्याबरोबर चांदीही किंचित् झिजते. मीं एका पातेल्यांत ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरला, त्यावर कढत पाणी ओतून मूठभर खाण्याचा सोडा टाकला आणि अत्तरदाणी त्या कागदाला टेंकवून बुडविली. पांच मिनिटांत काळेपणा जाऊन ती पांढरी शुभ्र झाली. चांदीवरचा काळा थर हा चांदी आणि गंधक यांचा संयोग. या युक्तींत गंधक चांदीला सोडून जातो आणि चांदी जागच्या जागीं राहते. आत्याबाई पाण्याचा तो कुजक्या अंड्यासारखा दर्प घेऊन नाक मुरडीत होत्या, तरी अत्तरदाणी त्यांनीं दोनदां उलटसुलट करून पाहिली. "न घांसतां?" असें त्यांनीं विचारलें तेव्हां मला जें वाटलें तें शब्दांत सांगतां येणार नाहीं.

त्याच भरांत मीं त्यांची नथ उचलली. सोन्याच्या तारेंत मळ बसला होता, म्हणून वाटींत लिंबूं पिळून ठेवलें होतें. नथ वाटींत पडणार इतक्यांत आत्याबाईंनीं माझें मनगट धरलें. "मोत्याला आंबट? ठार करशील कीं त्याला!" मोतीं, अंड्याचें टरफल आणि देव्हाऱ्याचा संगमरवर हीं तिन्ही मुख्यतः एकाच द्रव्याचीं, आणि आम्लानें तिन्ही खाल्लीं जातात, हें मी परीक्षेंत लिहून आलेली बाई, पण हात धरला तो चौथ्या इयत्तेपलीकडे न गेलेल्या आत्याबाईंनीं. पुढें ती नथ त्यांनीं रिठ्याच्या कोमट पाण्यांत मऊ फडकें बुडवून स्वतःच पुसली. पैठणीला, शालीला आणि मोत्याला त्यांच्यापाशीं रिठा हें एकच औषध आहे.

इतकें होऊनही मी शहाणी झालें नाहीं. मागल्या दिवाळीच्या आधीं घराची झाडलोट काढली. न्हाणीघराच्या फरशीवर पाण्याच्या क्षारांचे पांढरे चट्टे पडले होते. त्यांवर मीं संडास स्वच्छ करण्याचें, तांबड्या बाटलींतलें द्रव ओतलें. त्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें. चट्टे निघाले, पण कोपऱ्यांतील बुरशीचा काळेपणा तसाच राहिला. म्हणून फरशी नीट न धुतांच त्यावर कपडे पांढरे करण्याचें ब्लीच ओतलें. एकानें इतकें होतें तर दोहोंनीं किती होईल, असा माझा हिशेब! खिडकी लावलेली होती. क्षणार्धांत डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें आणि घशांत कोणी सुया टोंचाव्या तसें झालें. मी दार उघडून बाहेर पळालें. तें दार उघडतें तें आत्याबाईंच्या खोलींत, याचें त्या वेळीं मला भानच राहिलें नाहीं.

ब्लीचवर आम्ल पडलें कीं क्लोरीन वायु सुटतो. १७७४ सालीं शेले या रसायनज्ञानें तो प्रथम मिळविला. पुढें कापड शुभ्र करण्यासाठीं त्याचा उपयोग झाला. आणि १९१५ च्या एप्रिल महिन्यांत बेल्जियममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें तोच वायु शत्रूच्या खंदकांवर सोडला. हें सारें मीं वाचलेलें होतें. आमच्या न्हाणीघरांत मात्र तें मला आठवलें नाहीं.

आत्याबाई पलंगावर उठून बसल्या होत्या, ओंठ निळसर झाले होते, आणि श्वास आंत जाण्यासाठीं खांदे वर वर उचलले जात होते. धाकट्या भावजींनीं त्यांना दोन्ही हातांवर उचलून गच्चीच्या मोकळ्या हवेंत नेलें, आणि तेथून रुग्णालयांत. रात्रभर त्यांना नळीनें प्राणवायु दिला. मी बाहेरच्या बांकावर बसून होतें. घरचें कोणी मला एक शब्दही बोललें नाहीं. जाऊबाईंनीं चहा आणून दिला तोही मुकाट्यानें. यांनीं एवढेंच विचारलें, "बाटलीवर लिहिलेलें नव्हतें का?" लिहिलेलें होतें. दोन्ही बाटल्यांवर होतें. अक्षर बारीक होतें, इतकेंच मी म्हणूं शकलें असतें. पण मीं वाचण्याचा यत्नच केला नव्हता.

तिसऱ्या दिवशीं आत्याबाई घरीं आल्या. आल्या आल्या त्यांनीं मला जवळ बोलावून काय काय एकत्र केलें तें विचारलें. एक आंबटापैकीं आणि दुसरें क्षारापैकीं, असें मीं त्यांना समजेल अशा भाषेंत सांगितलें.

"म्हणजे राख आणि चिंचच कीं," त्या म्हणाल्या. थोड्या दम खाऊन पुढें म्हणाल्या, "पण आमच्यांत त्या दोघी मरत. तुमच्यांत शेजारचा मरतो."

रसायनशास्त्राचे अध्यापक या तुलनेस पुरते मान्यता देणार नाहींत. ब्लीच हें राखेसारखें नुसता क्षार नव्हे. त्याच्या पोटांत क्लोरीन दडलेला असतो, आणि आम्ल त्याला बाहेर काढतें. मीं तें सांगण्यासाठीं तोंड उघडलें आणि पुनः मिटलें.

आतां ती तांबडी बाटली जिन्याखालच्या कपाटांत असते आणि ब्लीचची गच्चीवरच्या खोलींत. दोहोंवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या मीं चिकटविल्या आहेत. मजकूर आत्याबाईंनीं सांगितला. पहिलीवर 'ही आंबट' असें आहे, दुसरीवर 'हिला आंबट दाखवूं नये'.

पुढल्या आठवड्यांत एके सकाळीं त्या पुनः ताम्हण घेऊन बसलेल्या दिसल्या. हात अजून थरथरत होते. मी जरा दूरच उभी होतें. "चिंच कोळून दे," त्या म्हणाल्या. मी वाटी घेऊन जवळ बसलें तशा त्या भिंतीचा आधार घेत उठल्या आणि आधीं खिडकी उघडून आल्या.