खाडीपल्याडची सोयरीक आणि फेरीबोटीचा हिशेब

मिरज रेल्वेचे मोठे जंक्शन; पण चिपळूण, गुहागर, दाभोळकडे उतरायचे तर आपल्याला घाटाचा रस्ताच धरावा लागतो. मिरजेच्या मोहल्ल्यांतल्या बऱ्याच घरांची सोयरीक कोकणात आहे. कुणाची मुलगी तिकडे दिलेली, कुणाची सून तिकडून आलेली. लग्नात दोन बसगाड्या भरून जातात, पुढे मात्र वर्षानुवर्षे फक्त फोनवर सलाम-दुआ होते. कारण विचारले की एकच उत्तर मिळते, "खर्च फार होतो." किती होतो, हे मात्र कागदावर क्वचितच कुणी मांडलेले असते. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात तो मांडला गेला, कारण अम्मींनी विचारले होते, "माझी बहीण बघायला किती रुपये लागतात ते एकदा सांगा." एक बहीण दाभोळला आणि दुसरी गुहागर तालुक्यात. मध्ये वाशिष्ठीची खाडी.

हे दाभोळ आपल्याला परके नाही. मिरज आणि दाभोळ दोन्ही विजापूरच्या आदिलशाहीत होते. दाभोळ तेव्हा मोठे बंदर होते. घाटावरचा माल तिथे उतरायचा आणि हजचे यात्रेकरू तिथून जहाजात बसायचे. 1508च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. आजही धक्क्याजवळ आदिलशाही काळातली दगडी शाही मशीद उभी आहे; लोक तिला अंडा मशीद म्हणतात. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला तिचा घुमट बघून घरच्यासारखेच वाटते.

आता हिशेब. मिरज, कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता. चिपळूणहून दाभोळला दोन वाटांनी जाता येते. एक खेड-दापोलीवरून, साधारण नव्वद किलोमीटर. दुसरी गुहागरकडून धोपाव्याला आणि तिथून फेरीबोटीने पलीकडे. ही वाट सुमारे पासष्ट किलोमीटरची. पंचवीस किलोमीटर वाचले म्हणजे लिटरमागे पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीचे दोन लिटरही पेट्रोल वाचले नाही. तेवढे पैसे फेरीबोटीच्या तिकिटातच जातात. म्हणजे फक्त दाभोळलाच जाऊन परत यायचे असेल, तर पैशाच्या दृष्टीने दोन्ही वाटा जवळपास सारख्याच.

खरा फरक पडतो तो दोन्ही तीरांवर नातेवाईक असतील तेव्हा. गुहागरहून रस्त्याने दाभोळ गाठायचे तर परत चिपळूण, मग खेड, मग दापोली, असा सव्वाशे किलोमीटरहून मोठा वळसा. फेरीबोटीने हेच काम धोपाव्यापर्यंतचे वीसेक किलोमीटर आणि पाण्यावरची काही मिनिटे एवढ्यात होते. शंभर किलोमीटर वाचले तरी सहा-सात लिटर पेट्रोल झाले. आजच्या भावाने सहा-सातशे रुपये. गाडी आणि चार माणसांचे तिकीट यापेक्षा बरेच कमी पडते. शिवाय तीन तासांचा घाम वाचतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या कमरेचा हिशेब तर रुपयांत होतच नाही.

धोपावे-दाभोळ फेरीबोट 2003 साली सुरू झाली. तिच्यासारख्याच आणखी तीन ठिकाणी गाड्या पाण्यावरून जातात: दक्षिणेला जयगड-तवसाळ, उत्तरेला बाणकोट खाडीवर वेसवी-बागमांडले आणि पुढे मुरूड-जंजिऱ्याच्या वाटेवर दिघी-आगरदांडा. चारही जोडल्या तर रत्नागिरीपासून मुरूडपर्यंतची मोहल्ल्यांची माळ समुद्राकाठानेच ओवता येते. वाटेत केळशीचा याकूबबाबांचा दर्गाही लागतो. मुंबईहून मांडव्याला जाणारी रो-रो वेगळी. ती मोठी, 2020मध्ये सुरू झालेली आणि तिचे भाडेही जास्त. तिच्यावरून कोकणातल्या छोट्या फेरीबोटींचा अंदाज बांधू नये.

वहीत खर्चाचे चार रकाने करावेत. पहिला पेट्रोलचा: एकूण किलोमीटर भागिले गाडीचे खरे मायलेज, आणि घाटासाठी दहावा हिस्सा जादा. दुसरा फेरीबोटीचा: गाडीचे भाडे आकारानुसार आणि माणसांचे वेगळे असते, म्हणून जाण्या-येण्याचे दोन्ही वेळचे धरावे. दर बदलत राहतात; निघण्याआधी तिथल्या नातेवाइकांनाच जेट्टीवरचा फलक वाचून फोन करायला सांगावे. तिसरा नाश्ता-पाण्याचा: घरून पराठे आणि चटणी नेली तर हा रकाना निम्मा होतो. चौथा अडचणीचा: पंक्चर, औषध किंवा शेवटची फेरी चुकल्यास रात्रीचा मुक्काम. हा रकाना कधीच रिकामा ठेवू नये. वापरला नाही तर पैसे घरीच येतात.

भेटवस्तूंचा पाचवा रकाना अम्मींनी स्वतः खोडला. "मी जाते आहे ना, तीच भेट," असे त्या म्हणाल्या. शेवटी अर्धा किलो बेदाणा तेवढा बरोबर गेला.

काही बारीक गोष्टी. सुटे पैसे जवळ ठेवावेत. पेट्रोल चिपळूण किंवा गुहागरलाच भरून घ्यावे. शेवटच्या फेरीच्या भरवशावर कार्यक्रम आखू नये, आणि पावसाळ्यात वारा-पाऊस वाढला की फेरी थांबू शकते हे लक्षात ठेवावे. गाडी चढवताना वयस्कर माणसांना आधी उतरवावे. ओहोटीला उतार तीव्र होतो. बोटीवर हँडब्रेक ओढलेला असावा. आणि एक गोष्ट मिरजकरांसाठी: कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, तिथे असरची अजान आपल्याकडच्यापेक्षा लवकर होते. जमात धरायची असेल तर धोपाव्याहून निघण्याची वेळ त्या हिशेबाने ठरवावी.

या खाड्यांवर पूल बांधून रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग न्यावा, हे स्वप्न आंबेतचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांनी पाहिले होते. 1980 ते 1982 या काळात ते राज्याचे मुख्यमंत्री होते. पूल होतील तेव्हा होतील. तोवर फेरीबोट आहे, आणि ती सामान्य घराच्या आवाक्यातली आहे.

आमच्या घरात तेव्हापासून दर महिन्याला तीनशे रुपये एका डब्यात पडतात. वर्षाचे तीन हजार सहाशे होतात. घरच्याच गाडीने चौघांच्या एका फेरीचे पेट्रोल आणि तिकिटे त्यातून जवळपास निघतात. उरलेले भाऊ मिळून भरतात. आपल्या घरातही एखादी बहीण खाडीपल्याड असेल, तर या महिन्यात वही घेऊन बसा आणि चार रकाने आखा.